मुलाचा ताप पाचव्या दिवशीही उतरत नाही: स्क्रब टायफस कसा ओळखायचा, औषध कधी आणि किती

मुलाला पाच दिवस ताप. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, लघवी साफ, घसा साफ, छातीत काही ऐकू येत नाही. अँटिबायोटिकचं सिरप चालू आहे, पण पॅरासिटामॉलचा अंमल ओसरला की अंग पुन्हा फणफणतं. पावसाळ्यात किंवा पाऊस सरल्यावरच्या दोन-तीन महिन्यांत असं मूल आलं, तर स्क्रब टायफस यादीत वरच्या जागी हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. पाच किंवा अधिक दिवसांचा, कारण न सापडलेला ताप असेल तर हा आजार संशयित धरायचा. अंगावर त्याची ठरावीक काळी खपली दिसली, तर पाच दिवसही थांबायचं नाही.

आजार होतो कसा

ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाच्या जीवाणूमुळे हा आजार होतो. टायफॉइडशी त्याचा काही संबंध नाही, औषधंही वेगळी. गवतात, झुडपांत, बांधावर, उंदरांच्या बिळांजवळ राहणाऱ्या एका सूक्ष्म किडीची अळी चावते आणि जीवाणू अंगात जातो. ही अळी म्हणजे चिगर. लांबी जेमतेम 0.2 मिलिमीटर, रंग नारिंगी-लालसर, पाय सहा. मोठी झालेली कीड माणसाला चावत नाही, चावते ती फक्त अळी. चावा दुखत नाही, त्यामुळे "काही चावलं होतं का?" या प्रश्नाला बहुतेक घरांतून "नाही" असंच उत्तर येतं. त्या उत्तरावर निदान सोडून देऊ नये. मादीकडून अंड्यांत आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत जीवाणू उतरत राहतो, म्हणून एखाद्या गावात किंवा वस्तीत दरवर्षी त्याच मोसमात रुग्ण निघतात. माणसाकडून माणसाला मात्र हा आजार लागत नाही. भावंडाला झालाच तर तो त्याच गवतात खेळल्यामुळे.

चावल्यापासून साधारण 10 ते 12 दिवसांनी ताप सुरू होतो. हा काळ 6 ते 21 दिवस असा कमी-जास्त होऊ शकतो. जीवाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरून वाढतो. अस्तर सुजलं की वाहिन्या पाझरू लागतात आणि पुढची जवळपास सगळी लक्षणं त्यातूनच निघतात. चेहऱ्यावर व डोळ्यांभोवती सूज येते, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन उतरतं, फुप्फुसांत पाणी झिरपून धाप लागते, रक्तदाब ढासळतो, मेंदूला सूज येते. पहिल्या आठवड्यात मात्र नुसता ताप, डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या, पोटदुखी आणि थोडा खोकला एवढंच असतं. कधी पोट इतकं दुखतं की अपेंडिक्सची शंका घेऊन मूल सर्जनकडे पाठवलं जातं. गुंतागुंत सुरू होते ती बहुधा दुसऱ्या आठवड्यात. म्हणून ताप कितव्या दिवसावर आहे, हे केसपेपरवर पहिल्या ओळीत लिहिलेलं असावं.

उशीर झाला की काय होतं, याचं आपल्या देशातलं ठळक उदाहरण गोरखपूरचं. तिथे दर पावसाळ्यात मुलं ताप, झटके आणि बेशुद्धी घेऊन येत. बरीच वर्षं सगळं लक्ष जपानी मेंदूज्वरावर होतं. पुढे तपासण्यांत यातल्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये स्क्रब टायफसचा पुरावा मिळाला. त्यानंतर तापाच्या सुरुवातीलाच, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर, त्यावरचं औषध द्यायचं धोरण आलं. महाराष्ट्रात 2018 साली नागपूर आणि विदर्भात मोठा उद्रेक झाला आणि हा आजार वर्तमानपत्रांतून घरोघरी कळला. पण तो त्या एका वर्षापुरता किंवा एका भागापुरता नाही.

खपली शोधायची कशी

निदानाचं सगळ्यात खात्रीचं चिन्ह अंगावरच असतं आणि ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. अळी जिथे चिकटली होती तिथली कातडी मरते आणि एक खपली धरते. तिला एशार म्हणतात. आकार साधारण 5 ते 20 मिलिमीटर, मधे काळी घट्ट बसलेली खपली, भोवती लालसर कडं. सिगारेटचा चटका बसल्यासारखी दिसते. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून मूल सांगत नाही. आईवडिलांनी पाहिली असली तरी "फोड आला होता, फुटला" म्हणून विषय संपलेला असतो.

अडचण अशी की चिगरला कातडीच्या घड्या आणि कपडे घट्ट बसतात त्या जागा आवडतात, आणि तपासताना नेमक्या त्याच झाकलेल्या राहतात. सदरा वर करून पोट आणि छाती पाहणं म्हणजे तपासणी नव्हे. मुलाचे सगळे कपडे उतरवायचे, उजेडात किंवा टॉर्च धरून, डोक्यापासून सुरुवात करायची. केस बोटांनी विलग करून टाळू. दोन्ही कानांच्या मागे. मानेच्या घड्या आणि केसांची मागची रेषा. हात वर करायला लावून काखा. बेंबीच्या आत. चड्डीचं इलॅस्टिक बसतं ती कंबरेची रेषा. जांघा, शिश्न, वृषण उचलून त्याखालची कातडी, मुलींमध्ये योनिमुखाभोवतीच्या घड्या, दोन्ही कुल्ल्यांमधली फट, मग गुडघ्यामागे आणि पायांची बोटं. मोठ्या मुलामुलींना हे आधी समजावून सांगावं, आई किंवा वडील सोबत असावेत. पाच मिनिटांचं काम आहे, पण गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं.

ओलसर जागी खपली काळी नसते. काखेत, जांघेत किंवा वृषणाखाली ती घामाने भिजून निघून जाते आणि खाली उथळ, पिवळट-पांढरट तळाचा, कोरल्यासारखा व्रण उरतो. नुसतं काळं शोधणाऱ्या डोळ्याला तो घामोळं किंवा बुरशी वाटतो.

गाठी वाट दाखवतात. जांघेत अवधाण आलं असेल तर त्या बाजूचा पाय, कुल्ले, गुप्तांग आणि बेंबीखालचं पोट पुन्हा पाहा. काखेत गाठ असेल तर हात, छातीची बाजू आणि पाठ. कानामागे किंवा मानेत असेल तर टाळू. एकापेक्षा अधिक खपल्याही असू शकतात. खपली घरी उचकटू नये, तिचा तुकडा पीसीआर या जीवाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीसाठी उपयोगी पडतो.

आता दुसरी बाजू. खपली नाही म्हणून आजार नाही, असं होत नाही. वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नोंदींत मुलांमधलं तिचं प्रमाण फार बदलतं. कुठे निम्म्याहून अधिक मुलांत, तर कुठे दहातल्या एखाद्यातच. पुरळही तसंच. ते बहुधा छाती-पोटावर, फिकट आणि एक-दोन दिवसांचंच असतं, सावळ्या कातडीवर सहज दिसत नाही. तळहात-तळपायांवर ठळक पुरळ किंवा जांभळे डाग असतील तर गोचिडीमुळे होणाऱ्या स्पॉटेड फिव्हरचा विचार करावा. तोही महाराष्ट्रात आढळतो, त्यालाही डॉक्सिसायक्लिनच लागतं, आणि उशीर झाला तर बोटं किंवा कानाच्या पाळ्या काळ्या पडू शकतात.

रिपोर्ट वाचताना

साध्या तपासण्यांनी निदान पक्कं होत नाही, पण एक ठसा दिसतो. प्लेटलेट दीड लाखाच्या, कधी एक लाखाच्या खाली. एसजीओटी-एसजीपीटी हे यकृताचे आकडे वाढलेले. अल्ब्युमिन 3 च्या खाली, सोडियम 135 च्या खाली, सीआरपी हा शरीरातला दाह दाखवणारा आकडा बराच वर. पांढऱ्या पेशी सुरुवातीला कमी किंवा बरोबर, पुढे वाढलेल्या. यातली एकेक गोष्ट कशातही आढळते. तीन-चार एकत्र आल्या, सोबत यकृत-प्लीहा हाताला लागत असतील आणि चेहरा सुजरा असेल, तर संशय बळावतो.

डेंग्यूशी गल्लत होते ती प्लेटलेटमुळे. डेंग्यूत प्लेटलेट सर्वाधिक घसरतात तेव्हा ताप बहुधा उतरायला लागलेला असतो, पांढऱ्या पेशी कमी असतात आणि सीआरपी फारसा चढत नाही. स्क्रब टायफसमध्ये प्लेटलेट घसरत असताना ताप तसाच चढा राहतो. सहाव्या-सातव्या दिवशी 103 ताप आणि 80 हजार प्लेटलेट, असं दिसलं तर फक्त डेंग्यू म्हणून बसू नये. दोन्ही आजार एकाच वेळी असलेली मुलंही असतात.

खास तपासणी म्हणजे आयजीएम एलायझा. शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं ती मोजते आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. पाचव्या दिवसाआधी ही तपासणी करून निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ काहीही नाही; सातव्या ते दहाव्या दिवशी पुन्हा करावी. आपल्याकडे साधारणपणे 0.5 च्या वर ऑप्टिकल डेन्सिटी (यंत्राने मोजलेली रंगाची गडदता) आली तर पॉझिटिव्ह धरतात. नुसतं "पॉझिटिव्ह" वाचू नये, आकडा मागून घ्यावा. 0.6 आणि 2.5 यांचं वजन सारखं नसतं.

वाइल-फेलिक्स ही जुनी रक्ततपासणी अजून बऱ्याच ठिकाणी होते. तिच्यातला ओएक्स-के हा आकडा चढलेला असेल तर स्क्रब टायफसकडे बोट जातं. पण तिच्यातून बरेच रुग्ण निसटतात, तेव्हा ती पॉझिटिव्ह आली तर उपयोगाची, निगेटिव्ह आली तर तिच्या भरवशावर औषध थांबवायचं नाही. पीसीआर पहिल्या आठवड्यात चांगली, रक्त अँटिबायोटिकच्या आधी घेतलेलं हवं. खपलीच्या तुकड्यावरची पीसीआर सगळ्यात भरवशाची. ब्लड कल्चरमध्ये हा जीवाणू उगवतच नाही, कारण त्याला वाढायला जिवंत पेशी लागते. तरीही कल्चर पाठवावं, ते टायफॉइडसाठी.

विडाल या टायफॉइडच्या रक्ततपासणीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. एकदाच केलेली विडाल हलकीशी पॉझिटिव्ह येणं आपल्या भागात फार सामान्य आहे. तिच्यावर "टायफॉइड" असा शिक्का बसतो, सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शनं सुरू होतात, आणि खऱ्या टायफॉइडमध्येही या औषधाने ताप उतरायला चार-सहा दिवस लागत असल्यामुळे सगळे निवांत वाट पाहत राहतात. स्क्रब टायफसचं मूल तेवढ्यात दुसऱ्या आठवड्यात गेलेलं असतं. माझ्या मते वाया जाणारे दिवस सर्वांत जास्त इथेच जातात.

औषध

रिपोर्टची वाट पाहायची नाही. संशय पक्का झाला की रक्त काढून घ्यायचं आणि औषधाचा पहिला डोस त्याच दिवशी द्यायचा.

नेहमीची अँटिबायोटिक्स इथे निकामी ठरतात, त्याला कारण आहे. अमॉक्सिसिलिन, सेफिक्सीम, सेफ्ट्रियाक्सोन ही जीवाणूच्या भिंतीवर घाव घालतात, पण या जीवाणूची भिंत तशी नसते. जेंटामायसिन, अमिकासिन पेशीच्या आत पुरेशी शिरत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाला हा जीवाणू मुळातच दाद देत नाही. उपयोगी औषधं मुख्यतः दोन: डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन.

डॉक्सिसायक्लिन 45 किलोच्या आतल्या मुलाला दिवसाला 4.5 मिलिग्रॅम प्रति किलो, दोन डोसांत विभागून; एका डोसला 100 मिलिग्रॅमच्या वर नाही. 12 किलोच्या मुलाला दिवसाला 54, म्हणजे एका वेळी साधारण 27 मिलिग्रॅम. सिरप मिळालं नाही तर 100 मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचा पाव भाग 25 मिलिग्रॅम होतो आणि तो इथे पुरेसा जवळ आहे. कॅप्सूल असेल तर असे भाग नीट पडत नाहीत, डॉक्टरांना विचारूनच पर्याय ठरवावा. मुदत 7 दिवस. सातव्या दिवशी ताप जाऊन तीन दिवस झाले नसतील तर तेवढे होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून औषध सोडलं तर आजार उलटू शकतो.

ॲझिथ्रोमायसिन 10 मिलिग्रॅम प्रति किलो, दिवसातून एकदा, 5 दिवस. 12 किलोला 120 मिलिग्रॅम. इथे एक चूक वरचेवर होते. सिरप दोन ताकदींचं मिळतं: 5 मिलीत 100 मिलिग्रॅम आणि 5 मिलीत 200 मिलिग्रॅम. पहिल्यातलं 6 मिली म्हणजे दुसऱ्यातलं 3 मिली. चिठ्ठीवर नुसतं "3 मिली" असेल आणि दुकानातून 100 वालं मिळालं, तर मुलाला निम्माच डोस जातो. चिठ्ठीत मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही असावेत आणि घरी बाटलीवरचा आकडा ताडून पाहावा.

आठ वर्षांखाली डॉक्सिसायक्लिन दिलं तर दात पिवळे पडतात, ही भीती टेट्रासायक्लिन गटातल्या जुन्या औषधांवरून आली आहे. डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमला त्या मानाने फार कमी चिकटतं. लहानपणी डॉक्सिसायक्लिन घेतलेल्या मुलांचे पक्के दात अमेरिकेतल्या 2015 च्या एका अभ्यासात तपासले गेले, त्यांत असे डाग आढळले नाहीत. अमेरिकन बालरोग अकादमीही 21 दिवसांपर्यंतचा कोर्स कोणत्याही वयात चालतो असं म्हणते. गंभीर मुलामध्ये दातांच्या भीतीने हे औषध अडवून धरणं मला तरी समर्थनीय वाटत नाही.

डॉक्सिसायक्लिन रिकाम्या पोटी दिलं की उलटी होते, म्हणून थोडं खाऊ घालून द्यावं. सोबत भरपूर पाणी, आणि पुढचा अर्धा तास मुलाला आडवं होऊ देऊ नये; गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. लोह, कॅल्शियम, ॲसिडिटीचं औषध यांच्यापासून दोन तासांचं अंतर ठेवावं, दुधाबरोबर देऊ नये. डोस गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळा उलटून पडला तर डॉक्टरांना विचारून पुन्हा द्यावा. प्रत्येक डोस उलटत असेल तर घरी प्रयोग नकोत, मूल दाखल करून शिरेतून औषध द्यावं लागतं. तापासाठी पॅरासिटामॉल 15 मिलिग्रॅम प्रति किलो, दर सहा तासांनी. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड टाळावं.

औषध लागू पडलं की 24 ते 48 तासांत ताप उतरतो आणि मूल खायला मागतं. इतका झटपट फरक हाही निदानाला दुजोराच. 72 तासांनंतरही ताप असेल तर गोष्टी पुन्हा तपासायच्या: डोस खरंच पोटात गेला का, वजनाप्रमाणे होता का, सोबत मलेरिया, लेप्टो किंवा लघवीचा संसर्ग आहे का. रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी घसरत असतील, प्लीहा वाढत असेल आणि फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन हजारोंच्या घरात असेल तर एचएलएच नावाची गुंतागुंत शोधावी लागते; तिच्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा बेफाम होऊन स्वतःच्याच पेशींवर उलटते.

दाखल केव्हा करायचं

श्वास वेगाने चालतो आहे (एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा जास्त, वर्षाखाली 50 किंवा जास्त), मूल सुस्त आहे किंवा असंबद्ध बोलतं, झटका आला, हातपाय गार पडले, सहा-आठ तासांत लघवी नाही, पोट फुगलं, कुठून रक्त आलं, उलट्या थांबत नाहीत. यातलं एकही असेल तर सकाळपर्यंत थांबू नये.

रुग्णालयात सर्वांत नाजूक काम सलाईनचं. वाहिन्या पाझरत असतात, त्यामुळे कमी दिलं तर रक्तदाब राहत नाही आणि जास्त दिलं तर तेच पाणी फुप्फुसात जातं. म्हणून 10 मिली प्रति किलो असं बेताने देऊन, प्रत्येक वेळी नाडी, हातापायांची ऊब, छातीतला आवाज आणि यकृताची कड पुन्हा पाहावी लागते. यकृत खाली सरकलं किंवा छातीत चरचर आली की सलाईन आवरून रक्तदाबाची औषधं सुरू करायची. प्लेटलेटचा आकडा कमी आहे एवढ्यावर प्लेटलेट चढवायच्या नाहीत, रक्तस्राव असेल तर गोष्ट वेगळी. शिरेतून द्यायचं डॉक्सिसायक्लिन हाताशी नसेल तर नाकातल्या नळीने पोटात द्यावं, त्यासाठी तास घालवू नयेत.

मेंदूला सूज आलेल्या मुलाच्या पाठीतल्या पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, प्रथिनं वाढलेली आणि साखर बरोबर किंवा किंचित कमी असते. हे चित्र व्हायरल मेंदूज्वराशी आणि क्षयाच्या मेनिंजायटिसशी जुळतं. अशा वेळी सेफ्ट्रियाक्सोन आणि व्हायरसवरच्या असायक्लोव्हिरच्या जोडीला डॉक्सिसायक्लिनही पहिल्याच दिवशी सुरू करावं आणि रिपोर्ट येतील तसं एकेक कमी करावं.

दोन्ही औषधं एकत्र द्यावीत का? भारतातल्या सात केंद्रांवर झालेला आणि 2023 साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सांगतो की गंभीर रुग्णांमध्ये शिरेतून दिलेली डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिनची जोडी एकेकट्या औषधापेक्षा सरस ठरते. पण त्यातले रुग्ण 15 वर्षांच्या पुढचे होते. अत्यवस्थ लहान मुलांत जोडी द्यायची की नाही, हे तज्ज्ञ मुलाच्या अवस्थेवरून ठरवतात. साध्या आजाराला एकच औषध पुरतं.

लस नाही. मुलांनी गवतात उघड्या अंगाने बसू-लोळू नये, पूर्ण बाह्या आणि बंद पायताण घालावं, खेळून आल्यावर कपडे बदलून साबणाने चोळून आंघोळ करावी. धुतलेले कपडे झुडपांवर किंवा गवतावर वाळत घालू नयेत. घराभोवतीचं रान काढावं आणि उंदीर आवरावेत.

घरी सोडल्यावर आठ-दहा दिवसांनी सीबीसी आणि एसजीपीटी पुन्हा पाहावी. मेंदूला सूज आलेल्या मुलाची श्रवण तपासणीही करून घ्यावी, कारण या आजारात ऐकण्याच्या नसेला इजा होऊ शकते. रिपोर्टची प्रत घरी जपून ठेवावी. मूल बरं झाल्यावरही आयजीएम कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकतं. पुढच्या तापात ते पॉझिटिव्ह आलं तर जुनं की नवं हे ठरवायला पहिला आकडा आणि तारीख लागते. आणि एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही, या जीवाणूच्या जाती बऱ्याच आहेत.